आबारावांची नागीण

डॉक्टर : ...आणि असल्या माणसांच्या हाती सरकार शाळा देतं! मास्तर, देवी आणि कांजिण्या यांतला फरक आता गुराख्यालाही कळतो. तुम्हाला कळत नाही?

गुरुजी : कळतो साहेब.

डॉक्टर : कळतो? मग ही चिठ्ठी कुणी लिहिली? ‘शाळेतील चौदा मुलांना ताप व अंगावर फोड. त्वरित यावे. आपला, संपत गुरुजी.’

गुरुजी : मीच लिहिली. त्यात देवी हा शब्द कुठं हाय का, बघा.

डॉक्टर : शब्द नाही, पण हेतू आहे. देवीचा रोगी शोधायची मोहीम चालू आहे, ताप आणि फोड म्हटलं की मला धावत यावं लागतं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. केदारखेड्याच्या पुढं दोनदा जीप ढकलली आम्ही. आणि इथं येऊन बघतो काय, तर चौदा पोरं ओट्यावर बसून खाजवतायत. एकाच्या तळहाताला फोड नाही, तळपायाला नाही. सगळं छाती-पाठीवर. एक फोड पाण्यानं टचटचीत, शेजारचा सुकून खपली धरलेला. कांजिण्या! लिहून टाकलं, देवी नाहीत. संपला विषय.

गुरुजी : तुमचा संपला. मी नुसतं ‘कांजिण्या’ लिहिलं असतं, तर तुम्ही आले असते का?

डॉक्टर : कशाला येईन? कांजिण्या आपोआप बऱ्या होतात. त्यासाठी डॉक्टर लागत नाही, मास्तरही लागत नाही.

गुरुजी : आबारावांच्या घरातलं लेकरू अकरा दिवसांचं होऊन गेलं, साहेब. अंगभर फोड होते.

डॉक्टर : ...तान्हं?

गुरुजी : थोरल्या सुनेचं. नंदाबाईचं. आन् गावानं ठरवलं, का हे धाकल्या सुनेनं आणलं. आसराबाई. ती बदनापूरला माहेरी गेल्ती, जावेच्या बाळंतपणासाठी परत आली. ती आली आन् दोन दिवसांत नंदाबाईच्या अंगावर फोड उठले. बास. लेकरू गेल्यावर तिला आन् तिच्या चार वर्षांच्या पोरीला नदीपलीकडच्या मळ्यात खोपीत नेऊन टाकलंय. आज नववा दिवस. पोरीलाही फोड आलेत. कुणी तिकडं फिरकायचं न्हाई, असा आबारावांचा हुकूम.

डॉक्टर : आणि तुमचा संबंध काय? तुमच्यातली आहे का ती?

गुरुजी : न्हाई. ते धनगर, आम्ही बौद्ध. माझ्यातली असती तर तुम्ही ऐकलं नसतं का?

डॉक्टर : मी आत्ताही ऐकत नाहीये. मी आरोग्य खात्याचा माणूस आहे, गावचा पंच नाही. सासू-सुनांच्या भांडणाचा रकाना नाही माझ्या कागदात.

गुरुजी : सासू न्हाई. सासरा. आन् मला भांडण सोडवायचं न्हाई, एक गोष्ट विचारायचीय. ही वही बघा. पाच मिनटं.

डॉक्टर : शिक्षण किती तुमचं?

गुरुजी : मॅट्रिक. मंग डी.एड.

डॉक्टर : वा! आणि वहीत काय आहे, नवा शोध?

गुरुजी : तारखा हायत. आपली शाळा सातवीपर्यंत. पहिली-दुसरीची बाकं रिकामी झाली, तिसरीतले चार पडले. पाचवी, सहावी, सातवीला एक पोरगं आजारी न्हाई. सगळे एकाच वाड्यावस्तीत खेळून राह्यलेत, तरी न्हाई. मंग मी जुने हजेरीपट काढले. सहासष्ट साली, दिवाळीनंतर, असेच गैरहजेरीचे ढीग हायत. ‘कांजिण्या’ असा आधीच्या गुरुजींचा शेरा हाय. त्यानंतर नऊ वर्षांत एकदाही न्हाई. सहासष्टच्या आधी जन्मलेले सुटले, नंतर जन्मलेले सापडले.

डॉक्टर : त्यात काय? एकदा येऊन गेल्या की शरीर त्या विषाणूला ओळखून ठेवतं. पुन्हा आला की दारातच ठेचतं. पुस्तकात आहे हे. तुम्ही बैलगाडीचं चाक नव्यानं शोधलंत.

गुरुजी : असंल. मला पुस्तक मिळालं न्हाई, हजेरीपट मिळाला. माझा सवाल पुढं हाय. नऊ वर्षं गावात कांजिण्या नव्हत्या, तर ह्या आल्या कुठून?

डॉक्टर : कुणीतरी आणल्या असतील. तिनंच आणल्या असतील, आसराबाईनं.

गुरुजी : ती आली एकतीस जानेवारीला. नंदाबाईच्या अंगावर पहिला फोड दोन फेब्रुवारीला, चारला ती बाळंत झाली. लागण झाल्यावर फोड यायला किती दिवस लागतात?

डॉक्टर : दोन आठवडे. कधी तीन.

गुरुजी : दोन दिवस न्हाई?

डॉक्टर : नाही. शक्यच नाही.

गुरुजी : आसराबाईच्या कपाळाला लहानपणच्या कांजिण्यांचे वण हायत. तिची पोरगी आली तवा ठणठणीत होती. तिला फोड आले सतरा फेब्रुवारीला. म्हणजे पोरीला इथंच लागण झाली. पोरीनं आणलं न्हाई, पोरीनं इथून घेतलं. बराबर?

डॉक्टर : ...बरोबर. पुढं?

गुरुजी : पुढचं मला ठाऊक न्हाई, नुसता संशय हाय. नंदाबाईच्या फोडांच्या सोळा दिवस आधी त्या घरात एकच दुखणं झालं. सतरा जानेवारीला आबारावांना नागीण निघाली. उजव्या कुशीपासून पाठीपर्यंत. गेरू आन् तांदळाच्या पिठाचा लेप रोज नंदाबाई लावायची. आन् शेजारची दोन पोरं त्यांच्या बाजेवर बसून गोष्टी ऐकायची, ती दोघंही तीन तारखेला पडली. साहेब, नागीण आन् कांजिण्या हे एकच असू शकतं का? हसू नका. नसंल तर नसंल म्हणा.

डॉक्टर : हसत नाहीये मी. एकच आहे.

गुरुजी : एकच?

डॉक्टर : एकच विषाणू. परदेशात दोन्ही फोडांतलं पाणी काढून वाढवून बघितलंय, भिंगाखाली बघितलंय. तोच. नागिणीच्या फोडातून ज्याला पूर्वी कांजिण्या आल्या नाहीत त्याला कांजिण्या होतात. निम्म्या डॉक्टरांना ठाऊक नसतं हे.

गुरुजी : मंग एवढं एक वाक्य आबारावांना सांगा. माझं ते ऐकणार न्हाईत.

डॉक्टर : नाही.

गुरुजी : का?

डॉक्टर : डोकं वापरा मास्तर! तारखा लिहिता, त्याचा अर्थ कळतो का? त्या म्हाताऱ्याला जाऊन काय सांगू? की तुझा नातू तुझ्याच अंगातून निघालेल्या रोगानं मेला? त्यानं कुणाचं काय होणार आहे? मेलेलं पोर परत येणार आहे?

गुरुजी : आसराबाई परत येईल.

डॉक्टर : आणि म्हातारा विहिरीत उडी घेईल. मग तिथंही तारीख टाका वहीत.

गुरुजी : साहेब, ते ओझं आज कुणाच्यातरी डोक्यावर हायच. ज्याचं न्हाई तिच्या डोक्यावर हाय. त्याची तुम्हाला फिकीर न्हाई, म्हाताऱ्याची हाय.

डॉक्टर : मला कुणाचीच फिकीर नाही. मला संध्याकाळच्या आत भोकरदन गाठायचंय. आणि हा कोण काठी आपटत येतोय?

गुरुजी : आबाराव.

आबाराव : रामराम डाक्टरसाब. म्हटलं मोटार आली, घरी येतील. च्या ठिवला होता. तर इथं ह्या मास्तराच्या ओट्यावर बसून राह्यलात.

डॉक्टर : काम काय ते बोला.

आबाराव : मास्तरा, तू जरा बाजूला हो. घरातलं बोलायचंय.

डॉक्टर : ते इथंच थांबतील. बोला.

आबाराव : बरं. मला एक कागद पायजे. सही-शिक्क्याचा. का आमच्या धाकल्या सुनेनं बदनापूराहून रोग आणला आन् त्यानं लेकरू मेलं. तिच्या बापाच्या तोंडावर मारतो तो कागद. तिला कायमची माहेरी घालतो, आन् कारभारीचं दुसरं लगीन लावून देतो. पांढऱ्या पायाची बाई बिलकुल नको मला घरात.

डॉक्टर : कारभारी म्हणजे तिचा नवरा? तो काय म्हणतो?

आबाराव : तो काय म्हणणार? मी म्हणतो तेच म्हणतो.

डॉक्टर : छान. मास्तर, बोला ना आता. मघापासून मला शिकवत होतात. हा समोर उभा आहे. जीभ गेली?

आबाराव : हा काय बोलणार? पोरं हाकायची अक्कल हाय त्याला, तेवढी बास.

डॉक्टर : सदरा वर करा, आजोबा. उजवी बाजू. अं. हे बघा, अर्ध्या पाठीचा पट्टा, मधल्या रेषेवर येऊन थांबलाय.

आबाराव : थांबवला म्या! तोंडाला तोंड भिडू दिलं न्हाई नागिणीचं. भिडलं असतं तर तवाच खेळ खतम. पंधरा दिवस लेप लावला सुनेनं.

डॉक्टर : भिडणारच नव्हतं. नस एकाच बाजूची असते, फोड तिच्यापुरतेच येतात. लेप लावा नाहीतर शेण थापा.

आबाराव : तुमाला काय ठावं? म्या भोगलंय. सदऱ्याचं कापड लागलं तरी आग आग होत होती.

डॉक्टर : लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?

आबाराव : आल्त्या की. सात-आठ वर्षांचा होतो, निजामाचं राज होतं. आईनं मेंढराच्या वाड्यात घोंगडीवर निजवलं होतं मला. त्याचं काय आता?

गुरुजी : आबा, तेच हे. त्या कांजिण्याच नागीण होऊन निघाल्या. आन् तुमच्यापासून नंदाबाईला लागल्या. आसराबाई यायच्या आधी.

आबाराव : काय बकतो?

गुरुजी : खरं सांगून राह्यलो. दोन दिवसांत फोड येत न्हाईत, दोन आठवडे लागतात. साहेबांना विचारा.

आबाराव : ह्यानं तुमचे कान भरले, डाक्टरसाब! आमच्या घरातलं मातेरं करायला टपून बसलेत हे लोक. चार बुकं शिकले आन्...

डॉक्टर : गप्प बसा! हा माणूस बरोबर आहे. मला कबूल करायला आवडत नाही, पण बरोबर आहे. तुमच्या कांजिण्या बऱ्या झाल्या, फोड गेले, पण तो विषाणू शरीरातून गेला नाही. पाठीच्या कण्याशी, नसेच्या मुळाशी जाऊन बसला.

आबाराव : इषाणू म्हंजे काय? जनावर?

डॉक्टर : जनावर तरी बरं. याला धड जिवंतही म्हणता येत नाही. एक बारीक धागा, त्याला टरफल. स्वतःचं काही नाही त्याच्याकडं. शरीराच्या कणात शिरतो आणि त्याच्याकडूनच आपल्यासारखे हजार करवून घेतो.

आबाराव : आयतखाऊ.

डॉक्टर : हो. आयतखाऊ. तुमच्या रक्तातले राखणदार त्याला ओळखत होते, डोकं वर काढू देत नव्हते. तुमचं वय झालं, राखण ढिली पडली. मग तो नसेवरून खाली उतरला आणि कातडीवर आला.

आबाराव : साठ वर्षं? साठ वर्षं माझ्यात बसून फुकट खाल्लं त्यानं?

डॉक्टर : साठ वर्षं.

आबाराव : मंग बाकीची पोरं खेळून राह्यलीत! चौदाच्या चौदा! तेवढं आमचंच का मेलं? बोला ना. हाय का जवाब?

डॉक्टर : आहे. ऐकवेल का तुम्हाला?

आबाराव : बोला.

डॉक्टर : आईला पूर्वी कांजिण्या होऊन गेल्या असतील, तर तिच्या रक्तातलं संरक्षण पोटातल्या पोराला मिळतं. ते घेऊनच ते जन्माला येतं. तुमच्या थोरल्या सुनेला कधी झाल्या नव्हत्या. बाळंत व्हायच्या दोन दिवस आधी तिला फोड आले. विषाणू पोरापर्यंत पोचला. तिच्या शरीरानं संरक्षण तयार करायला घेतलं होतं, पण त्याला आठवडा लागतो. ते पोचायच्या आत पोर बाहेर आलं. आठ दिवस उशिरा जन्मलं असतं, तर कदाचित वाचलं असतं.

गुरुजी : आबा, बसा. इथं बसा. पाणी आणू?

आबाराव : तुझं पाणी नको मला.

गुरुजी : बरं.

आबाराव : आमच्या घरातलं मरण तू वहीत लिहून ठिवलं. तारीख घालून.

गुरुजी : ठेवलं.

आबाराव : लई हौस.

गुरुजी : हौस न्हाई, आबा. तुम्ही एका बाईला गावाबाहेर टाकलं आन् अख्ख्या गावात कुणी ‘का’ विचारलं न्हाई. तिचा नवरासुद्धा न्हाई. म्हणून लिहिलं.

आबाराव : डाक्टरसाब, तुमच्या मोटारीत जागा हाय का? मळ्यात जायचंय.

डॉक्टर : सरकारी जीप म्हणजे टांगा वाटला का तुम्हाला? ...बसा. बसा लवकर. मास्तर, तुम्हीही चला, आणि ती वही आत ठेवा. तिच्यासमोर मिरवू नका.

(नदीपलीकडं, मळ्यातल्या खोपीसमोर. डॉक्टर पोरीला तपासून बाहेर आले आहेत.)

डॉक्टर : पोरगी बरी आहे, बाई. नवे फोड थांबलेत. नखं काप तिची, खाजवून पिकवलंय दोन ठिकाणी. ही पावडर लाव. आणि हिला इतक्या उन्हात या खोपीत कुणी ठेवायला सांगितलं?

आसराबाई : तुमच्या बाजूला उभे हायत, त्यांनी.

डॉक्टर : हं. मी जीपमध्ये आहे, मास्तर. दहा मिनिटं. मग मी निघालो.

आबाराव : आसरा, घरी चल.

आसराबाई : कशाला?

आबाराव : चल म्हणतो ना. रोग तू आणला न्हाई. मास्तरानं वहीत काढलंय, डाक्टरनंबी सांगितलं.

आसराबाई : मास्तर म्हणतात, डाक्टर म्हणतात. तुमी काय म्हणता, मामंजी?

आबाराव : म्या काय येगळं म्हणणार?

आसराबाई : लेकराला माती दिली त्या दिशी चावडीसमोर काय बोललात मला? समदं गाव उभं होतं. तवा मास्तराला इचारून बोलला नव्हता. आता आवाज बसला का?

गुरुजी : आसराबाई, आबांना आत्ताच कळलंय सगळं. जरा...

आसराबाई : गुर्जी, तुमचे उपकार हायत, पर तुमी मधी पडू नका. बोला मामंजी. कुठून आला रोग?

आबाराव : ...माझ्यातून.

आसराबाई : काय?

आबाराव : माझ्या नागिणीतून आला. नंदा लेप लावायची, तिला लागला. लेकरू माझ्यापायी गेलं. आता काय बोलायचं ते बोल. काठी घे आन् मार.

आसराबाई : तुमाला मारून माझे हात कशाला खराब करू? नंदाताईला सांगितलं का हे?

आबाराव : न्हाई अजून. घरी गेल्यावर सांगतो. कळू दे तिलाबी, तुझा काय गुन्हा न्हाई ते.

आसराबाई : बापेमाणसं! तिघंजण मोटारीत बसून आलात, एकाच्याबी डोक्यात उजेड पडला न्हाई.

गुरुजी : म्हणजे?

आसराबाई : लेप कोणी लावला गुर्जी? तिनं. स्वतःच्या हातानं, पंधरा दिवस. ‘तुझ्या हातानं रोग आत घेतला आन् पोटातल्या लेकराला दिला,’ असंच ऐकू यील तिला. जलमभर हाताकडं बघत बसंल. माझं नाव साफ करायला तिला मारता का आता?

गुरुजी : ...हे माझ्या ध्यानात आलं न्हाई.

आसराबाई : वहीत मावत न्हाई ते.

आबाराव : मंग काय करू? तूच सांग.

आसराबाई : चावडीसमोर उभं राहायचं. जिथं मला बोललात तिथंच. म्हणायचं, रोग माझ्या अंगातून आला, आसराचा दोष न्हाई. लेपाचं नाव काढायचं न्हाई, नंदाताईच्या हाताचं नाव काढायचं न्हाई. घरात एका जागी ऱ्हात होते, हवेनं लागलं म्हणा. काय पायजे ते म्हणा, समदं तुमच्याकडं घ्या.

आबाराव : समदे थुंकतील माझ्यावर.

आसराबाई : थुंकतील. चार दिस. मी नऊ दिस बसले हितं.

आबाराव : बरं. करतो. आता तर चलशील?

आसराबाई : न्हाई.

आबाराव : आन्? जल्माची हितंच बसणार?

आसराबाई : पोरीच्या खपल्या पडू द्या. मंग बदनापूरला जाते. तिथं सरकारी शेतात बायांना रोजानं काम हाय.

आबाराव : कारभारीला काय सांगू?

आसराबाई : त्यांना काय सांगायचं? लेक हितं तापात फणफणत होती, आन् हे नदीच्या त्या काठाला बैलं धुवून गेले. मान वर केली न्हाई. दुसरं लगीन लावून द्या त्यांचं. ती बाईबी बघू द्या कसला नवरा मिळाला.

गुरुजी : आसराबाई, डॉक्टर हॉर्न वाजवून राह्यलेत. जायला पायजे.

आसराबाई : जा. मामंजी...

आबाराव : काय?

आसराबाई : नंदाताईला म्हणावं, पहाटं गार पाण्यात हात घालू नको, कानाला फडकं बांध. लेकरू ऱ्हायलं न्हाई, तरी बाळंतीण हाय ती अजून.